झुंडीतील माणसाचे नाव

पडद्यावर कोणाला चेहरा मिळावा, हा प्रश्न वरवर कलेचा वाटतो. मुळात तो नीतीचा आहे. आपल्या समाजाने तो अनुभवला आहे. १९७५ सालच्या ‘ज्यूली’तील ख्रिस्ती घरात दारूची बाटली होती, १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभ बच्चन यांनी साकारलेला, धर्मगुरूंनी वाढविलेला अँथनी दिलदार खरा, पण दारू विकणारा. ‘आम्ही एवढेच आहोत काय?’ असे आपण तेव्हापासून विचारत आलो.

हीच मोजपट्टी आपण इतरांनाही लावतो काय?

नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. कथा नागपूरची. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी मुले पाहिली आणि २००१ च्या सुमारास झोपडपट्टी फुटबॉलची चळवळ उभी केली, हा त्या कथेचा आधार. शिक्षकाच्या भूमिकेत पुन्हा अमिताभ बच्चनच. मुलांच्या भूमिकांसाठी मात्र मंजुळे यांनी नागपूरच्या वस्त्यांतलीच, कधीही अभिनय न केलेली मुले निवडली. त्यांपैकी अंकुश गेडाम यास पुढे पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

यावर कोणी म्हणेल, कला म्हणजे काही शिरगणती नव्हे. प्रत्येक जातीधर्माला जागा वाटून देणे हे तिचे काम नाही. हे आम्हांस मान्य आहे. केवळ दिसणे पुरेसे नाहीच. अँथनीही दिसलाच होता. प्रश्न आहे तो माणूस म्हणून दिसण्याचा. ‘झुंड’मधील मुले चोऱ्या करतात, नशा करतात, भांडतात, चित्रपट ते लपवीत नाही. पण तो तेथे थांबतही नाही. त्यांना नावे आहेत, विनोद आहे, लाज आहे आणि पारपत्रासाठी खेटे घालताना होणारी दमछाकही आहे. दोष दाखविणे हा अन्याय नव्हे. दोषापलीकडे काहीच न दाखविणे हा अन्याय होय.

एक अवघड गोष्ट मात्र उरते. ही मुले प्रेक्षकांपर्यंत पोहोचावीत म्हणून एका महानायकाचे नाव लागलेच. ज्यांच्यापाशी नाव नाही त्यांनी दुसऱ्याच्या नावाच्या आधारानेच पुढे यावे काय? याचे सोपे उत्तर आमच्यापाशी नाही.

झुंड हा शब्द आपण सहसा जनावरांसाठी वा बेभान जमावासाठी योजतो. शुभवर्तमानातील मेंढपाळ मात्र कळपातील प्रत्येक मेंढराला नावाने हाक मारतो. आपल्या धर्मग्रामात नाताळच्या नाटुकलीसाठी पात्रे निवडली जातील, तेव्हा मरिया आणि देवदूत कोणत्या घरांतून येतात आणि मुके मेंढपाळ कोणत्या घरांतून, हे एकदा न्याहाळून पाहावे.