अनिर्वेद

सज्जनहो, गेल्या कार्तिकी वारीनंतरची गोष्ट. आमच्या फडावरील एका जुन्या टाळकऱ्याच्या गावी सप्ताह होता. कीर्तन झाले, आरती झाली, मंडळी पांगली. टाळकऱ्याचा मुलगा मात्र खांबाला टेकून बसून राहिला. यंत्रकामाची पदविका घेऊन त्याला दीड वर्ष झालेले. आम्ही सवयीने विचारून गेलो, "काय रे, लागली का कुठे?"

मुलाने मान खाली घातली. म्हणाला, "महाराज, तुम्ही तरी हे विचारू नका. दिंडीत पावलापावलाला हेच विचारतात. आषाढीला मी येणार नाही म्हणतो."

मग हळूहळू सारे बाहेर आले. दीडशेच्या वर अर्ज केले. बहुतेकांचे उत्तरच नाही. तीन ठिकाणी मुलाखत झाली. एका ठिकाणी साहेबांनी विचारले, "इतके उमेदवार बाहेर बसलेत, तुम्हालाच का घ्यावे?" मुलगा गप्प. म्हणाला, "आबांनी लहानपणापासून शिकवलं, आपली थोरवी आपल्या तोंडाने सांगू नये. जीभच रेटेना. बाहेर बसलेला दुसरा पोरगा आत गेला, धडाधड बोलला, त्याला घेतलं. आता वाटतं, आपल्यात काही नाहीच. खरं सांगू का महाराज, मला आता वैराग्य आलंय."

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. दोन तास लोकांना निरूपण सांगितले आणि समोरच्या पोराला एका प्रश्नाने टोचले! मुलाच्या बोलण्यात तीन गाठी होत्या. नोकरी मिळाली नाही म्हणजे आपण नालायक, ही पहिली. आपले गुण सांगणे हा दोष, ही दुसरी. आणि आलेले हे वैराग्य, ही तिसरी. या गाठी आज घरोघर आहेत, म्हणून हा लेखप्रपंच.

पहिली गाठ सोडवू. २०२३ साली महाराष्ट्रात तलाठ्यांची भरती निघाली. जागा ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांच्या वर. म्हणजे एका जागेमागे दोनशेहून अधिक माणसे. आता सांगा, त्या दोनशेंत एकच लायक आणि बाकीचे टाकाऊ, असे कोण म्हणेल? अहो, दोनशेच्या दोनशे साक्षात् बृहस्पती असते तरी एकशे नव्याण्णव घरीच परतले असते! जागा एक होती, हा गणिताचा निकाल झाला. माणसाच्या किमतीचा निकाल तो नव्हे.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. कर्ता हा पाचांतला एक. जो केवळ आपल्यालाच कर्ता मानतो त्याची बुद्धी संस्कारहीन, असे भगवान् पुढे म्हणतात. यशाच्या वेळी हा श्लोक अहंकार उतरवण्यासाठी आम्ही नेहमी सांगतो. पण अपयशाच्या वेळीही तो तितकाच खरा आहे, हे सांगायला आम्ही विसरतो. 'सारे माझ्यामुळे झाले' हा जसा अहंकार, तसा 'सारे माझ्यामुळे बिघडले' हाही अहंकारच. फक्त त्याने रडका वेष घेतलेला असतो. तेव्हा कर्त्याने आपला पाचवा हिस्सा चोख करावा आणि उरलेल्या चारांचा बोजा डोक्यावरून उतरवावा.

आता दुसरी गाठ. ही अवघड, कारण आबांचे शिकवणे खोटे नाही. महाभारतात कर्णपर्वात प्रसंग आहे. अर्जुनाने श्रीकृष्णाच्या सांगण्यावरून धर्मराजाला टाकून बोलले आणि त्या पश्चात्तापाने तो जीव द्यायला निघाला. तेव्हा श्रीकृष्ण म्हणाले, आपल्या तोंडाने आपली स्तुती कर, तोच तुझा आत्मघात होईल. आत्मश्लाघा म्हणजे मरणच, इतके कडक हे शास्त्र. मग मुलाखतीत बसलेल्या पोराने करायचे काय?

वाल्मीकींनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे. किष्किंधाकांडात हनुमंत भिक्षूच्या वेषाने प्रथम रामलक्ष्मणांपुढे येतो. ही एक मुलाखतच म्हणा ना! त्याने आपले नाव सांगितले, आपण कोणाचे, कोणी पाठवले ते सांगितले, आणि सुग्रीवाला काय हवे ते सांगितले. 'मी मोठा पंडित' असे कोठेही म्हटले नाही. तरी राम लक्ष्मणाला म्हणतो की वेद आणि व्याकरण यांचे चांगले अध्ययन केल्यावाचून कोणी असे बोलू शकणार नाही. पुढे तो वर्णन करतो : इतके बोलला पण एक शब्द अशुद्ध नाही, बोलण्यात पाल्हाळ नाही, संदिग्धपणा नाही, रेंगाळणे नाही, घाई नाही, स्वर मध्यम, डोळे, भुवया, चेहरा यांवर कोठे विकार नाही. हनुमंत उठून दिसला तो गुण सांगून नव्हे. गुण वापरून दिसला.

श्लाघा आणि निवेदन यांतला भेद येथे आहे. 'मी इतरांहून श्रेष्ठ आहे' ही श्लाघा. तिच्यात दुसऱ्याला खाली दाबल्यावाचून आपण वर येत नाही. 'हे काम मला येते, अमुक ठिकाणी मी ते असे केले, तुमच्या उपयोगी पडेल' हे निवेदन. विचारणाऱ्याने विचारले, सांगितलेले खरे आहे आणि त्याच्या गरजेशी जुळणारे आहे, तर ते सांगणे हा दोष कसा? दुकानदाराने साखर आहे असे सांगितले तर ती काय बढाई झाली? उलट, गिऱ्हाईक दारात उभे असता तो गप्प बसला तर त्याला नम्र कोण म्हणेल?

आम्ही हे फुकाचे सांगत नाही. पाठशाळेतून बाहेर पडलो तेव्हा आमची पंचविशीही झाली नव्हती. लघुकौमुदी पाठ, तर्कसंग्रह पाठ; वाटे, गावोगावची आमंत्रणे धावत येतील. एका गावाने एकदा बोलावले की दुसऱ्यांदा बोलावीत नसे. दोन वर्षे अशी गेली. सप्ताहाच्या पत्रिका यायच्या, त्यांत आमचे नाव नसायचे. आम्ही लोकांना अडाणी ठरवले, मग काही दिवसांनी स्वतःलाच. एके रात्री आमचे म्हातारे मृदंगी म्हणाले, "महाराज, राग मानू नका. तुम्ही कीर्तन करीत नाही, परीक्षा देता. समोर म्हातारी बसलीय, दिवसभर कांदे खुरपून आलीय. तिला काय पाहिजे ते बघा की!" शब्द झोंबले, पण त्या दिवसापासून आमचे तोंड आमच्याकडून श्रोत्यांकडे वळले. आमंत्रणे वाढली ती त्यानंतर.

नोकरीलाही हेच लागू. तोच अर्ज दीडशे ठिकाणी टाकणे म्हणजे सगळ्या गावांत एकच कीर्तन करणे होय. त्या कारखान्यात काय तयार होते, त्यांना कसला माणूस हवा, हे आधी पाहावे आणि आपल्याजवळचे त्याला जुळेल तेवढेच, पण नेमके, मांडावे. 'मी कष्टाळू आहे' हे सगळेच लिहितात. 'मी लेथवर अमुक भाग इतके केले, इतके नापास झाले, मग चूक अशी सुधारली' हे ज्याने केले तोच लिहू शकतो.

आता तिसरी गाठ, वैराग्याची. सुंदरकांडात हनुमंत सीतेच्या शोधासाठी लंकेत शिरतो. रात्रभर शोधतो. मंदोदरीला पाहून 'हीच सीता' म्हणून आनंदाने नाचतो. मग चूक कळते. खोटी आशा लागून विरण्याचे दुःख नोकरी शोधणाऱ्यास काय सांगावे! रावणाच्या अंतःपुरात चार बोटे जागाही पाहायची उरली नाही, पण सीता नाही. मग त्याच्या मनात काय येते पाहा : परत गेलो तर जांबवान काय म्हणेल, अंगद काय म्हणेल? आमच्या टाळकऱ्याच्या पोराचे दुःख यापेक्षा वेगळे आहे काय? पुढे तर तो म्हणतो, परत जाणेच नको, येथे समुद्रकाठी झाडाखाली वानप्रस्थ होऊन राहीन. मरणाचाही विचार त्याच्या मनात येऊन जातो.

पाहा, बलभीमालाही असे 'वैराग्य' आले होते! पण ज्याने हवे ते सोडले ते वैराग्य. ज्याला हवे ते मिळाले नाही म्हणून जो रुसला त्याचा तो निर्वेद, म्हणजे खचणे. हनुमंताने ते ओळखले. मरण्यात अनेक दोष आहेत, जगणाऱ्याचेच कल्याण होते, असे त्याने मनाशी ठरवले. अनिर्वेद, म्हणजे न खचणे, हे त्याने वैभवाचे मूळ म्हटले आहे. आणि अनिर्वेद म्हणजे उसना उत्साह नव्हे. त्याने काय केले? न पाहिलेली जागा कोणती राहिली, ते पाहिले. अशोकवन राहिले होते. सीता तेथेच होती.

म्हणून, बाळांनो, मन खचेल तेव्हा मनाशी भांडत बसू नका. वही काढा. कोठे अर्ज केले, काय उत्तर आले, कोणत्या प्रश्नाला अडलो, ते लिहा. मग पाहा, कोणती जागा अजून पाहिली नाही. जाहिरातीच पाहिल्या असतील तर प्रत्यक्ष कारखान्याच्या दाराशी जा. मोठे कारखाने पाहिले असतील तर लहान पाहा. १९६१ च्या कायद्याने शिकाऊ उमेदवारीची वाट केलेली आहे, ती धरा. आणि मरणाचे विचार घोळू लागले तर ते एकट्याने गिळू नका. त्याच क्षणी घरच्यांना, मित्राला, डॉक्टरांना सांगा.

आता उरले आपण, वडीलधारी मंडळी. समुद्र ओलांडायचा प्रश्न आला तेव्हा हनुमंत एका बाजूला मुकाट बसला होता. जांबवान त्याच्याजवळ गेला. 'झाले का तुझे उड्डाण?' असे त्याने विचारले नाही. त्याने हनुमंताला त्याचे बळ आठवून दिले. आणि मग तोच हनुमंत सगळ्यांसमोर आपण काय करू शकतो ते मोकळ्या तोंडाने बोलला! गप्प बसलेल्याची जीभ अशी सुटते. आपण मात्र एकमेकांना माउली म्हणून पाया पडतो आणि उठता उठता विचारतो, "लागली का?" पाया पडताना माणूस पाहिला आणि उठताना पगार पाहिला, तर ते पाया पडणे कसले?

दुसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनानंतर आम्ही त्या मुलाला जवळ बसवले आणि विचारले, "तुला काय काय येतं रे?" आधी पुटपुटला, मग अर्धा तास बोलत होता. ऐकणाऱ्यांत तालुक्याच्या गावी पंपदुरुस्तीचा कारखाना असलेले एक माळकरी होते. म्हणाले, "आठवड्याचे तीन दिवस ये, हात चालू राहू दे." मुलगा जाऊ लागला. कायमची नोकरी त्याला अजून लागलेली नाही, हे खरेच सांगितले पाहिजे. वही मात्र भरत आहे, आणि आषाढीला येतो म्हणाला आहे.

तेव्हा सज्जनहो, यंदा दिंडीत असे पोर भेटले तर जुना प्रश्न गिळा आणि नवा विचारा. आणि विचारलेत, तर उत्तर संपेपर्यंत ऐका.

रामकृष्णहरि.