अळीसकट झाड

मारिया सिबिला मेरियन हिला फुलांची चित्रकार म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण तो तिच्यावर अन्याय आहे. 1647 साली फ्रँकफुर्टला जन्मलेल्या मारियाला सावत्र वडील याकोब मारेल यांनी रंग-कुंचला शिकवला. तेराव्या वर्षीच ती रेशमाचे किडे पाळू लागली. 1679 च्या सुरवंटांवरच्या पुस्तकात अळी, कोष आणि फुलपाखरू ही सारी स्थित्यंतरं तिने एकाच चित्रात मांडली, आणि तीही ती अळी ज्या झाडाचा पाला खाते त्याच झाडावर. कुरतडलेली पानंसुद्धा तिने लपवली नाहीत. कीटक कशावर जगतो, हे दाखवणं शास्त्राचंच काम होतं.

कुणी म्हणेल, तिच्या चुकाही दाखवल्या गेल्या आहेत. काही खऱ्याच आहेत. पण तिने काढलेल्या पक्षी खाणाऱ्या कोळ्याची पुढे टिंगल झाली, आणि एकोणिसाव्या शतकात बेट्स या निसर्गअभ्यासकाने ॲमेझॉनमध्ये तसंच दृश्य पाहिलं. हा कोळी तिला 1699 च्या सुरिनाम प्रवासामुळे लाभला. वयाच्या बावन्नाव्या वर्षी धाकट्या मुलीसह तिने तो प्रवास केला. त्यातून 1705 साली तिचा ग्रंथ आला. आपल्या अंगणातल्या शंकासुराचं झाड त्यात आहे. मुलं गुलामीत जन्मू नयेत म्हणून गुलाम स्त्रिया त्याच्या बिया वापरून गर्भ पाडत, हे त्या स्त्रियांनीच सांगितल्याचं मारियाने नोंदवलं. त्यांची नावं मात्र तिने लिहिली नाहीत, आणि ही उणीव मला कोळ्याच्या वादापेक्षा कितीतरी मोठी वाटते.