व्यापारात रमणे

आपल्या मंडळींत एक समजूत घट्ट बसली आहे. दुकान, धंदा, देणे-घेणे हे पोटासाठी करावयाचे. मन मात्र त्यात घालायचे नाही. मन लागले की माया लागली. ऐकायला हे बरे वाटते, आणि कीर्तनात सांगितले तर माना डोलतात. पण जरा विचार करा. दिवसातले दहा तास ज्या कामात मन नाही ते काम करणाऱ्याने संध्याकाळी देवापुढे कोणते मन न्यायचे? कंटाळलेले, किरकिरे, गिऱ्हाइकावर खेकसून आलेले मन विठोबाच्या पायांवर ठेवायचे, ही काय पूजा झाली? तेव्हा प्रश्न असा की, एखाद्याने लहानसा धंदा उभा केला, तो आवडीने केला, त्यात तो रमला, तर हे परमार्थाला सोडून झाले काय?

आधी शब्दांकडे पाहू. शब्द पुष्कळदा आपल्यापेक्षा शहाणे असतात. 'व्यवसाय' या शब्दाचा संस्कृतातला अर्थ निश्चय. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी एकनिष्ठ बुद्धीला जे विशेषण लावले आहे ते याच शब्दापासून झालेले. मराठीने त्याचा धंदा केला म्हणून शास्त्रीबुवा हसतात; मला त्यात हसण्यासारखे दिसत नाही. आज किराणा, उद्या कापड, परवा मोबाइलचे दुकान, असे ज्याचे चालते त्याला धंदा आहे, व्यवसाय नाही.

दुसरा शब्द 'व्यापार'. व्याकरण शिकलेल्यांना ठाऊक आहे की, धातूच्या अर्थात दोन गोष्टी धरतात, एक फल आणि दुसरा व्यापार. 'भात शिजवतो' म्हटले म्हणजे चूल पेटवणे, भांडे चढवणे, जाळ पुढे सारणे, शीत दाबून पाहणे, हा सगळा व्यापार. आणि तांदूळ मऊ होणे हे फल. पाठशाळेत हे घोकताना कोणाला वाटले असेल की यात बाजारपेठेची गोष्ट आहे? पण आहे. दुकानदार दोन जातींचे असतात. एकाचे सगळे लक्ष फलावर. सकाळी शटर वर केले की संध्याकाळच्या गल्ल्याकडे डोळे. मधले दहा तास त्याला अडचण वाटतात. दुसऱ्याला मधले दहा तासच गोड. धान्य चाळणे, तराजू पुसणे, पुडी बांधताना दोऱ्याचा वेढा नीट बसवणे, आलेल्या म्हातारीला तिच्या सुनेचे विचारणे. पैसा त्यालाही लागतो, तोही मोजून घेतो. पण गल्ला कमी भरला त्या दिवशी त्याचा सगळा दिवस वाया गेलेला नसतो. गीतेने फलाविषयी जे सांगितले त्याचा याहून सोपा अर्थ मला तरी सापडलेला नाही. फळावरची आसक्ती सोडायची ती कामाची गोडी वाढावी म्हणून. आपण उलटे केले. गोडी सोडली आणि आसक्ती ठेवली.

अठराव्या अध्यायात आपल्या कर्मात 'अभिरत' असलेल्याला सिद्धी सांगितली आहे. 'अभिरत' हा शब्द 'रम्' धातूचा, आणि रामही त्याच धातूचा. माउलींनी तर तेथे स्वकर्मालाच पूजेची फुले केले आहे. कंटाळून खुडलेली फुले देवाला चालतात का, हे ज्याचे त्याने ठरवावे.

शांतिपर्वात तुलाधाराची कथा आहे. जाजलि नावाचा मोठा तपस्वी खांबासारखा उभा राहून तप करीत होता. त्याच्या जटेत पाखरांनी घरटे केले, अंडी घातली, पिले झाली, उडून गेली, तरी हा हलला नाही. मग त्याला वाटले, झाले, धर्म मला मिळाला. तेव्हा आकाशवाणी झाली की, काशीच्या तुलाधार वाण्याची सर तुला नाही. जाजलि चिडून काशीस गेला. पाहतो तो हा गृहस्थ दुकानात बसून माल विकतो आहे. तुलाधार उठून सामोरा आला, मान दिला, आणि पाखरांची सगळी हकीकत त्यालाच ऐकवली. मग म्हणाला की, मी सुगंधी द्रव्ये विकतो, औषधी विकतो, रस विकतो, पण मद्य विकत नाही. कपट करीत नाही. माझा तराजू सर्व भूतांना सारखा आहे. कथेत मला सर्वांत जास्त काय आवडत असेल तर तपस्व्याला उपदेश करण्यासाठी तुलाधाराने दुकान सोडून वनात जाण्याची तयारी दाखवली नाही. आणि काय विकायचे नाही हेही त्याने ठरवलेले होते. धंद्यात रमणाऱ्याला ही दुसरी गोष्ट आधी लागते. ज्या मालाची आपल्याला लाज वाटते त्यात रमता येत नाही, नुसते गुंतता येते.

यावर कोणी म्हणेल, मग तुकोबारायांचे काय? त्यांनी खतपत्रे इंद्रायणीत बुडवली ना? बुडवली. पण काय बुडवले ते पाहावे. देहूला त्यांच्या घरी पिढीजात दुकान आणि महाजनकी. १६३० च्या सुमारास दुष्काळ पडला, दुकानाचे दिवाळे निघाले, पहिली पत्नी आणि मुलगा गेला. अशा वेळी लोकांकडे येणे होते त्याचे कागद त्यांनी बुडवले, तेही परंपरा सांगते त्याप्रमाणे निम्मे. उरलेले निम्मे धाकटे बंधू कान्होबा यांना दिले. दुसऱ्याच्या मानेवरचा फास बुडवला, तागडी बुडवली नाही. मोजमाप, भांडवल, नफा-तोटा, उधार-रोख हे शब्द त्यांच्या अभंगांत शेवटपर्यंत आहेत. आणि ज्या कान्होबांनी आपला निम्मा वाटा ठेवून घेतला त्यांचेही अभंग गाथेत आहेत, तुकोबा गेल्यावरचा त्यांचा विलाप वाचून आजही डोळ्यांना पाणी येते. कागद ठेवले म्हणून त्यांना कोणी संप्रदायाबाहेर घातले नाही.

श्रीसमर्थांचा जन्म १६०८ सालच्या रामनवमीचा, आमच्या याच जांब गावचा. लग्नाच्या बोहल्यावरून 'सावधान' ऐकून निघून गेलेला हा पुरुष. त्याने प्रपंच नेटका करायला सांगितले, हे सर्वांना ठाऊक असते. पण दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास कोणी काढून पाहत नाही. तो सगळा समास लेखनक्रियेवर आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा याव्यात, शाई, कागद, लेखणी तासण्याची तऱ्हा. ज्याने घरदार सोडले त्याचे बोरूच्या टोकावर इतके लक्ष! याला मी रमणे म्हणतो.

आता यात एक धोका आहे, तो लपवून चालणार नाही. धंदा रुचला की चालतो, चालला की वाढवावासा वाटतो. वाढवणे हा दोष नव्हे. आमच्या जालन्यातच बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या बियाण्यापासून सुरुवात केली, १९६४ साली कंपनी काढली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. पण ज्याला माप स्वतःच्या हाताने घालण्यात गोडी आहे त्याने तीन दुकाने काढली तर माप नोकर घालणार आणि हा हिशेब पाहणार. व्याकरणाच्या भाषेत, व्यापार दुसऱ्याकडे गेला, याच्याकडे फल तेवढे उरले. मग ज्या गोडीसाठी आरंभ केला ती कुठे राहिली? ज्याला हिशेबातच गोडी आहे त्याने खुशाल वाढवावे. लोक करतात म्हणून वाढवू नये.

आणि उधारी. लहान धंद्यातली गोडी उधारी जितकी मारते तितके दुसरे काही मारत नाही. मराठवाड्यात २०१२-१३ च्या दुष्काळाने पेठा सुन्या पाडल्या, त्याचा मोठा फटका आमच्या जालन्याला. अशा साली उधार द्यावेच लागते. पण चांगल्या साली भिडेखातर दिलेली उधारी ही दया नव्हे. ती देणाऱ्याला चिडखोर करते आणि घेणाऱ्याला तोंड चुकवायला शिकवते; दोघे एकाच दिंडीत असून एकमेकांकडे बघत नाहीत. वही रोज लिहावी. जे माफ करायचे ते मनापासून खोडावे, अर्धवट ठेवू नये.

(येथे आम्हां कीर्तनकारांविषयी कोणी विचारील. तेल्याने तेलाचे पैसे घ्यावेत, सुताराने नांगराचे घ्यावेत, ते त्यांच्या हाताचे. आम्ही जे देतो ते आमचे असते कुठे? ते संतांचे. कीर्तन विकण्याविषयी तुकोबारायांनी किती कडक बोलून ठेवले आहे ते वारकऱ्यांना सांगायला नको. तरीही हल्ली बिदागी आधी ठरते आणि तारीख मग. या धंद्यात रमू नये, एवढेच मी म्हणतो.)

गेल्या साली कीर्तनानंतर एक तरुण थांबला. त्याने करडईचा लाकडी घाणा टाकलेला आहे. घाणा विजेवर फिरतो, पण तेल तो स्वतः निवळू देतो, स्वतः गाळतो, पेंड शेजारच्या गुरांना जाते. म्हणाला, "महाराज, घाण्यापाशी बसलं की वेळेचं भानच राहत नाही. तो वास, ती धार. हरिपाठ चुकतो. हे चुकतंय ना आपलं?"

मी म्हटलं, "बाबा, ज्यातून उठता येतं ते रमणं, ज्यातून उठवत नाही ते गुंतणं. पूर्वी घाण्याला बैल असायचा, त्याच्या डोळ्यांना झापड असायची. तुझ्या डोळ्यांना नाही ना? मग दिवेलागण झालेली दिसते. हातातला घाणा उतरव, पुढचा चढवू नकोस, आणि हरिपाठाला चल."

"आणि गिऱ्हाईक दारात उभं असलं तर?"

"त्यालाही घेऊन ये. तेल हरिपाठानंतर दे."