झाडाआडचा बाण

तमिळनाडूतील कुंभकोणम या गावी रामस्वामीचे मंदिर आहे. ते तंजावरच्या नायक राजांच्या काळातले. त्याच्या प्रदक्षिणामार्गाच्या भिंतींवर रामकथा चित्रांच्या ओळींत मांडलेली आहे. कावेरीकाठच्या याच मुलखात तेरळुंदूर नावाचे गाव आहे, आणि तमिळ रामायणाचा कर्ता कंबन हा तेथला, असे परंपरा सांगते. एकोजीराजांपासून सुमारे सव्वाशे वर्षे हा प्रांत तंजावरच्या भोसल्यांच्या प्रत्यक्ष अमलाखाली होता आणि १८९९ पासून कुंभकोणम हे एका कॅथलिक धर्मप्रांताचे ठाणे आहे. तेव्हा मराठी ख्रिस्ती वाचकाला हा मुलूख अगदीच परका वाटू नये.

कंबनाच्या काव्यातील वालीवधाचा प्रसंग तमिळ देशात फार चर्चिला गेला आहे. वालीला असा वर होता की, जो त्याच्यासमोर लढावयास उभा राहील त्याचे निम्मे बळ वालीकडे जाईल. अशा शत्रूशी समोरासमोर लढणे म्हणजे आपल्याच हाताने त्याला बळ पुरविणे होय. राम आड उभा राहिला आणि वाली सुग्रीवाशी झुंजत असताना बाण सुटला. छातीत रुतलेल्या त्या बाणावरचे नाव वाचून वाली जो जाब विचारतो, तो लिहिताना कंबनाने हात आखडता घेतलेला नाही. कवी स्वतः रामभक्त होता. तरी त्याने फिर्यादीच्या तोंडी दुबळे शब्द घातले नाहीत, हे मोठेपण वाखाणण्याजोगे आहे. ‘आड राहून का मारलेस?’ या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्या काव्यात लक्ष्मण देतो. त्याचा आशय असा की, सुग्रीवाला अभय देऊन झाले होते. राम समोर आला असता आणि वालीनेही शरण येऊन अभय मागितले असते, तर दिलेला शब्द पाळणे अशक्य झाले असते.

या उत्तराचा निवाडा करणे हे आपले काम नव्हे. ज्यांचा तो ग्रंथ आहे, त्यांनी त्यावर पिढ्यान्‌पिढ्या विचार केला आहे. मला मात्र त्यातील एक गोष्ट विलक्षण वाटते. समोर आला असता, तर शरण आला असता! आड राहिल्याने शत्रूचे बळ निष्फळ होते हे खरेच. पण त्याच्याशी काही बोलणे होण्याची वाटही त्याच वेळी बंद होते.

हा जुना वाद आज आपल्या घरांतील मुले रोज संध्याकाळी खेळत असतात. संगणकावरच्या ज्या खेळांत खेळणारा एखादे पात्र धारण करतो, त्याचे बळ व कसब हळूहळू वाढवीत नेतो आणि सरतेशेवटी एका महाबलाढ्य शत्रूला सामोरा जातो, त्यांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात. त्या अखेरच्या शत्रूला मुले ‘बॉस’ म्हणतात. तो समोरासमोर आटोपत नाही. मग चतुर मुलगा अंधारातून, भिंतीच्या आडोशाने, पावलांचा आवाज न करता त्याच्या पाठीशी जातो. ही युक्ती त्या खेळांच्या जन्माइतकीच जुनी आहे. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली निघाला. तेव्हा तो कागद, पेन्सिल व फाशांवर खेळत. दुसऱ्याच वर्षी त्याच्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत चोराचे पात्र आले. चोराने गुपचूप पाठीमागून वार केला, तर जखम दुप्पट धरावी असा नियम झाला. २०११ सालच्या ‘स्कायरिम’मध्ये तेच कसब पुरते कमावलेल्या खेळाडूचा खंजीर पंधरापट लागतो.

आता कोणी म्हणेल, खेळच तो; आकड्यांना का रक्त येते? मलाही तसेच वाटते. पडद्यावरच्या राक्षसाला पाठीमागून मारल्याने कोणाचा आत्मा मलिन होत नाही, आणि अशा खेळांविरुद्ध धोशा लावणाऱ्या मंडळींचा उत्साह मला नेहमीच थोडा जास्त वाटत आला आहे. परंतु त्या पंधराच्या आकड्याकडे जरा थांबून पाहावे. तो कशाबद्दल मिळतो? समोरचा बेसावध असतो, म्हणून मिळतो. तो जितका असहाय, तितके वाराचे मोल अधिक. असा हिशेब आपण खेळाबाहेरही करतोच. प्रश्न एवढाच की, तो हिशेब बरोबर आहे काय?

प्रथम, आड राहणे हेच पाप आहे काय, हे पाहू. या बाबतीत मंडळीच्या थोर शिक्षकांनी पुष्कळ मोकळेपणाने लिहिले आहे. यहोशवाच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आय नगरामागे दबा धरून बसण्याची आज्ञा खुद्द परमेश्वराने दिल्याचे आपण वाचतो. त्यावर भाष्य करताना संत अगस्तीन म्हणतात की, युद्ध न्याय्य असेल तर ते उघड लढले की दबा धरून, याने न्यायात फरक पडत नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी हाच धागा पुढे नेऊन एक रेघ ओढली. आपला बेत शत्रूला न सांगणे निराळे आणि त्याला दिलेला शब्द मोडणे निराळे. पहिले चालते, दुसरे शत्रूच्या बाबतीतही चालत नाही. १९०७ च्या हेग नियमांत आणि जिनिव्हा करारांच्या १९७७ सालच्या पुरवणीत हीच रेघ दिसते. झाडपाल्याने स्वतःला झाकणे, हुलकावणी देणे हे युद्धात वैध आहे. शरणागतीचे वा जखमी असल्याचे सोंग करून मारणे हा विश्वासघात होय.

दुबळ्याच्या दृष्टीने पाहिले तर ही सवलत नसून न्याय आहे. १६६३ च्या एप्रिलात शिवाजी महाराज रात्रीच्या वेळी निवडक माणसांनिशी पुण्याच्या लाल महालात शिरले, तेव्हा शायिस्ताखानाची अफाट फौज गावाभोवती तळ देऊन होती. दिवसाउजेडी मैदानात या, असे त्यांना सांगणे म्हणजे हरून या, असे सांगण्यासारखेच होते. मैदानात लढण्याचा आग्रह बहुधा तोच धरतो, ज्याची फौज मोठी असते.

विश्वासघाताची गोष्ट मात्र फार सूक्ष्म आहे, आणि तिचा एक दाखला याच कावेरीच्या खोऱ्यातला आहे. ख्रिस्तियन फ्रेडरिक श्वार्ट्झ हे जर्मन मिशनरी तंजावरात सेवा करीत होते. सरफोजीराजांच्या बालपणीचे ते पालक व शिक्षक. मद्रासच्या कंपनी सरकारने १७७९ साली त्यांना हैदर अलीकडे श्रीरंगपट्टणला पाठविले. कंपनीच्या मनात सलोखाच आहे, अशी खात्री त्यांनी हैदरला द्यावयाची होती. हैदरचा या माणसाच्या सचोटीवर भरवसा होता. पुढल्याच वर्षी युद्ध पेटले आणि हैदरच्या फौजांनी तंजावरचा मुलूखही उजाड केला. श्वार्ट्झ स्वतः खोटे बोलले, असे कोणी म्हटलेले नाही. पण राज्यकर्त्यांनी एका प्रामाणिक माणसाचा चेहरा पुढे केला आणि स्वतः त्याच्याआड उभे राहिले, असे मला वाटते. झाडाआड उभे राहण्यापेक्षा हे कितीतरी वाईट.

असो. आड राहणे पाप नव्हे, एवढे ठरले. तरीही मूळ प्रश्न सुटत नाही, कारण तो दबा धरण्याचा नव्हताच; दबा यशस्वी झाल्यानंतरच्या क्षणाचा होता. तोपर्यंत तुम्ही दुबळे असता आणि तो बलाढ्य. पण ज्या क्षणी तुम्ही त्याच्या पाठीशी पोहोचता आणि त्याला ते कळलेले नसते, त्या क्षणी पारडे फिरते. आता बलाढ्य तुम्ही. ज्या दुबळेपणाच्या आधारावर तुम्ही लपण्याचा हक्क मागितलात, तो दुबळेपणा आता त्याच्याकडे गेलेला असतो. खेळ नेमका याच क्षणी पंधरापट बक्षीस देतो.

पवित्र शास्त्रात हा क्षण एकाच माणसाच्या आयुष्यात दोनदा आला. शौल राजा तीन हजार निवडक माणसे घेऊन दाविदाच्या पाठीस लागला होता. एन-गेदीच्या रानात तो एकटाच एका गुहेत बहिर्दिशेला गेला, आणि त्याच गुहेच्या आतल्या भागात दावीद व त्याची माणसे लपलेली होती. माणसे म्हणाली, हाच तो दिवस. दाविदाने त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापून घेतला, आणि तेवढ्यानेही त्याचे मन त्याला खाऊ लागले. दुसऱ्यांदा, हकीला टेकडीवरील छावणीत, तो रात्री अबीशयासह झोपलेल्या शौलाच्या उशापाशी जाऊन उभा राहिला. भाला तेथेच जमिनीत रोवलेला होता. अबीशय म्हणाला, एकच घाव, दुसरा लागणार नाही. दाविदाने त्याला अडविले. भाला व पाण्याचा चंबू उचलला आणि तो निघून गेला.

परमेश्वराच्या अभिषिक्तावर हात टाकू नये, हे दाविदाने दिलेले कारण आपण प्रवचनांतून पुष्कळदा ऐकले आहे. मला येथे त्याच्या पुढच्या कृतीकडे लक्ष वेधावयाचे आहे. दोन्ही वेळा तो बाहेर येतो. गुहेतून शौलामागे बाहेर पडून त्याला हाक मारतो. दुसऱ्या वेळी पलीकडच्या टेकडीच्या माथ्यावरून, मध्ये पुष्कळ अंतर ठेवून, अबनेराला ओरडून जागे करतो. हातातला काठ दाखवितो, भाला दाखवितो. जो आड होता तो स्वतः होऊन उघडा पडतो; आणि मग ते बोलणे होते, जे वालीच्या बाबतीत बाण सुटल्यानंतर झाले. शौल रडतो. दाविदाला माझ्या मुला म्हणतो. अंतर ठेवले, हेही विसरू नये. दावीद भाबडा नव्हता.

आश्चर्य असे की, संगणकाच्या खेळांतही हे कोणाला तरी सुचले होते. १९९७ साली निघालेल्या ‘फॉलआउट’ या खेळात अणुयुद्धानंतरचे जग आहे. त्यातील शेवटचा बॉस, ज्याला ‘मास्टर’ म्हणतात, एका ढोंगी पंथाच्या कॅथीड्रलखाली राहतो आणि साऱ्या मानवजातीचे नव्या, बलिष्ठ प्राण्यांत रूपांतर करू पाहतो. त्याच्याशी लढता येते. त्या पंथाचा झगा अंगावर चढवून तळघरात उतरता येते आणि तेथला बॉम्ब सुरू करून, त्याचे तोंडही न पाहता, निघून जाता येते. पण तिसरीही वाट आहे. त्याच्यासमोर उभे राहून, त्याने घडविलेल्या प्राण्यांना संतती होऊ शकत नाही, हा पुरावा त्याच्यापुढे ठेवावयाचा. पुरावा खरा ठरला की मास्टर खचतो, खेळाडूला निघून जाण्यास सांगतो आणि स्वतःच सारे नष्ट करतो. त्याने इतकी वर्षे जे केले ते व्यर्थ होते, हे त्याला मरण्यापूर्वी कळते. झगा घालून गेलेल्या खेळाडूला ते दृश्य दिसत नाही. शत्रूलाही काही वाटत होते, हे त्याला ठाऊकच होत नाही.

तमिळ मुलखात आडू-पुली आट्टम नावाचा जुना बैठा खेळ आहे. आपल्या वाघ-बकरीचाच तो भाऊ. देवळांच्या फरशांवर त्याचे पट कोरलेले आढळतात. तीन वाघ, पंधरा बकऱ्या. बकरीमागचे घर रिकामे असेल तर वाघ तिच्यावरून उडी मारून तिला खातो. या पटावर लपावयास जागाच नाही, सारे उघड्यावर. बकऱ्या जिंकतात त्या एकमेकींच्या पाठीमागचे घर रिकामे न ठेवून. आणि त्या जिंकतात तेव्हा एकही वाघ मेलेला नसतो. त्याला हलता येत नाही, इतकेच.

खऱ्या आयुष्यात वाघ असा कोंडला जात नाही, हे मान्य केले पाहिजे. याएलीने झोपलेल्या सीसराचे काय केले ते आपण जाणतो, आणि इस्राएलाने तिचे गुणगान केले. डिट्रिख बॉनहोफर यांच्यासारखा पाळक हिटलरच्या वधाच्या कटात सामील झाला आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फासावर गेला. त्या कटवाल्यांनी हाक मारून हिटलरला जागे करावयास हवे होते, असे म्हणण्याची माझी छाती नाही. मात्र बॉनहोफर यांनी ही गोष्ट निर्दोष मानली नाही. अशा कृत्याचा दोष आपल्या अंगावर येतो आणि तो पत्करावा लागतो, असे त्यांचे मत होते. ज्या वाराला खेळात पंधरापट बक्षीस आहे, त्याची त्यांनी किंमत मोजली.

दाविदाच्या संयमाने शौल बदलला, असेही नाही. त्याचे अश्रू खरे असतील, पण टिकाऊ नव्हते, आणि दाविदालाही ते ठाऊक होते. पहिल्या शमुवेलाच्या सव्विसाव्या अध्यायात त्याने भाला परत केला. शौलाकडच्या एखाद्या तरुणाने इकडे येऊन तो न्यावा, असे सांगितले. पाण्याच्या चंबूचा मात्र पुन्हा उल्लेख नाही. सत्ताविसाव्या अध्यायात तो सहाशे माणसांसह गथचा राजा आखीश याच्या आश्रयाला गेला. तेथे राहून त्याने आसपासच्या वस्त्यांवर छापे घातले, बातमी गथला जाऊ नये म्हणून पुरुष किंवा स्त्री कोणालाही जिवंत ठेवले नाही, आणि आखीशाने विचारले की, आपण यहूदाच्या मुलखावर चाल केली, असे तो सांगत असे. आखीशाचा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसला होता.