शरणागतेची परीक्षा

आश्रय मागणाऱ्याला आधी अभय द्यावे आणि मग त्याची चौकशी करावी, की चौकशीत तो उतरला तरच अभय द्यावे, हा प्रश्न मानवाच्या धर्मबुद्धीपुढे फार प्राचीन काळापासून उभा आहे. आणि घर, भाषा व आप्तेष्ट मागे टाकून ज्या स्त्रिया आज परक्या मुलखाच्या सीमेवर आश्रयाची याचना करीत आहेत, त्यांच्या बाबतीत तर त्याला विशेष तीव्रता आली आहे.

वाल्मीकिरामायणाच्या युद्धकांडात बिभीषण शरण येतो, तेव्हा रामाच्या शिबिरात याच प्रश्नाचा खल होतो. सुग्रीव त्याला हेर समजतो, अंगद गुणदोषांची पारख करावी म्हणतो, मैंद त्याला मधुर शब्दांनी हळूहळू प्रश्न विचारावेत असे सुचवितो. हनुमंताचे मत सर्वांत मार्मिक आहे : नवख्या माणसावर एकाएकी प्रश्नांचा मारा केला, तर शहाणा मनुष्यही साशंक होतो, आणि मग त्याच्या अंतःकरणाचा ठाव लागत नाही. अखेरीस राम आपले अभयदानाचे व्रत सांगून बिभीषणाचा स्वीकार करतो. परीक्षकाच्या वर्तनावरही सत्याचे प्रकट होणे अवलंबून असते, ही जाणीव या प्रसंगात आहे.

इस्लामच्या परंपरेत हाच प्रश्न प्रत्यक्ष एका स्त्रीच्या निमित्ताने उपस्थित झाला. इ. स. ६२८ मधील हुदैबियाच्या तहान्वये मक्केहून पालकाच्या संमतीविना मदिनेस येणाऱ्यांना परत धाडावयाचे ठरले होते. त्यानंतर उम्म कुलसूम मदिनेस आली आणि तिचे भाऊ तिला मागावयास आले, तेव्हा कुराणाच्या साठाव्या सूरेतील आज्ञा अवतरली, असे परंपरा सांगते. श्रद्धावान स्त्रिया देशत्याग करून आल्या तर त्यांची परीक्षा घ्यावी, त्यांची श्रद्धा ईश्वरच अधिक जाणतो, आणि त्या खऱ्या आढळल्यास त्यांना परत पाठवू नये, असा त्या आज्ञेचा आशय आहे. परीक्षेची मुभा देतानाच परीक्षकाला त्याच्या ज्ञानाची मर्यादा येथे बजावून सांगितली आहे.

आधुनिक राज्यसंस्थेला या मर्यादेचा विसर पडला आहे. निर्वासितांविषयीचा १९५१ चा जिनिव्हा करार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सभासदत्व आणि राजकीय मत या पाच कारणांनी होणारा छळ ग्राह्य धरतो. त्यांत स्त्रीत्वाचा निर्देश नाही. जिचा छळ दरबारात नव्हे तर माजघरात होतो, जिचे अपराधी पती, पिता वा चुलते असतात, तिला ‘सामाजिक गट’ या शब्दांच्या आडोशाने वाट काढावी लागते. १९९४ च्या अखेरीस टोगो देशातील फौजिया कासिंजा ही सतरा वर्षांची मुलगी जननेंद्रियच्छेद आणि लादलेला विवाह टाळण्यासाठी अमेरिकेत पोहोचली, आणि आपले पारपत्र खोटे असल्याचे तिने स्वतःच सांगितले. तिला सुमारे १६ महिने बंदिवास घडला. पहिल्या न्यायाधीशाने तिची कैफियत अविश्वसनीय ठरविली. जून १९९६ मध्ये अपील मंडळाने मात्र ती विश्वासार्ह मानून तिला आश्रय दिला. जबानी तीच होती. ऐकणारे तेवढे बदलले होते.

असे का घडते, हे समजण्यास फार पांडित्य नको. अत्याचार सोसलेल्या मनातील स्मृती तारखांच्या क्रमाने येत नाहीत. त्यामुळे पहिल्या व दुसऱ्या जबानीत तफावत पडते, आणि अंमलदार तिला लबाडी समजतो. घरातल्या बलात्काराचा दस्तऐवज कोणी करून देत नाही. पतीसमक्ष, मुलांच्या देखत, किंवा आपल्याच बिरादरीतील पुरुष दुभाष्याच्या तोंडून ही हकीकत सांगावी लागली, तर लज्जेने व भीतीने तिचा महत्त्वाचा भाग मनातच राहतो. म्हणून स्त्री अंमलदार व स्त्री दुभाषी, पतीपासून स्वतंत्र अर्ज व एकांतातील मुलाखत, मुलांना सांभाळणारे कोणी, मोफत वकील, बंदिशाळेऐवजी सुरक्षित निवारा आणि निकालापर्यंत पोटापाण्याची सोय, यांना मेहेरबानी म्हणता येत नाही. सत्य बोलता यावे यासाठी लागणारी ती किमान सामग्री आहे. युरोपीय राष्ट्रांच्या २०११ च्या इस्तंबूल करारातही आश्रयाच्या कार्यपद्धतीत स्त्रियांच्या स्थितीचे भान ठेवण्याचे बंधन घातले आहे.

खोटे अर्जदारही येतात आणि राज्याला आपल्या सीमा राखाव्या लागतात, हा आक्षेप पोकळ नाही. परंतु दोन्ही चुका समान मोलाच्या नाहीत : खोटीला ठेवून घेतल्याने राज्याची थोडी हानी होते, तर खरीला परत धाडल्याने जिच्यापासून ती पळाली त्याच यातनेच्या हवाली आपण तिला करतो, आणि ती चूक पुन्हा दुरुस्त करता येत नाही. शरणागताचा त्याग स्मृतिकारांनी प्रायश्चित्तास पात्र ठरविला, तो याच विवेकाने. म्हणून परीक्षा अवश्य घ्यावी, पण ती अभयाच्या छत्राखाली घ्यावी. भयाखाली घेतलेली परीक्षा सत्याची राहत नाही, ती सहनशक्तीची होते.

भारताने १९५१ च्या करारावर स्वाक्षरी केलेली नाही, आणि निर्वासितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. ज्या देशाने अभयदानाला दानांत अग्रस्थान दिले, त्याने हा कायदा आता करावा, आणि आश्रय मागणाऱ्या स्त्रीची जबानी कोणी, कोठे व कशी घ्यावी, याची कलमे त्यात प्रथम लिहावीत.