खजिना राहू द्या, साक्षीदार आणा

विसरवाडीला रस्ते फुटतात. एक नवापूरवरून सुरतेला, एक कोंडाईबारीचा घाट चढून धुळ्याला, एक नंदुरबार-शहाद्यावरून थेट सेंधव्याला. ट्रकवाल्याच्या लेखी हा चहापाण्याचा थांबा. इतिहासात गुंफलेल्या रहस्यकादंबऱ्यांचा नाद असलेल्याला मात्र इथून प्रत्येक दिशेला एक कथानक दिसतं.

मुरलीधर खैरनारांची 'शोध' (राजहंस, २०१५) आपल्याकडे पुष्कळांनी रात्र जागून वाचली. सुरतेच्या दुसऱ्या लुटीतला काही ऐवज नाशिककडच्या डोंगरांत राहून गेला आणि आजची माणसं त्याच्या मागे लागली, हा तिचा गाभा. वेग जबरदस्त, डोंगरवाटांची जाण पक्की. ती वाचल्यावर इकडच्या माणसाला वाटू लागतं की शिवाजी महाराज आपल्याच गावावरून गेले असणार. तसं नाही. लूट मुल्हेरच्या बाजूने बागलाणात उतरली आणि १७ ऑक्टोबर १६७० रोजी दिंडोरीजवळ मोगल सरदार दाऊदखानाशी लढाई झाली. आपला नवापूर-नंदुरबारचा पट्टा सुरत-बुऱ्हाणपूर या व्यापारी वाटेवरचा. इंग्रज वकील टॉमस रो १६१५ मध्ये इथून गेला. पुढे आलेल्या फ्रेंच प्रवासी ताव्हेर्न्येने नवापूरचे विणकर टिपले, आणि कस्तुरीसारखा वास येणारा इथला बारीक तांदूळही. खजिना नसला म्हणून काय झालं, तांदूळ तरी आहे!

तर खजिना. आपल्या इतिहासरहस्याचं सगळं घोडं तिथेच अडतं, ही माझी तक्रार आहे. चिन्ह, सांकेतिक श्लोक, भुयार, आणि शेवटी सोनं. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं; आमच्या नायकांना त्याची फारशी फिकीर नसते. कागदावर हे ठीक. प्रत्यक्षात गुप्तधनाच्या वेडापायी माणसं अघोरी प्रकारांपर्यंत जातात, म्हणून २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात त्याची दखल घ्यावी लागली.

सुरतेच्या कहाणीत सोन्याहून सरस माल पडून आहे. ३ ऑक्टोबर १६७० ला मराठे शहरात शिरले, तेव्हा मक्केहून परतलेला काशगरचा पदच्युत राजा तिथल्या सराईत उतरला होता. त्याची माणसं दिवसभर लढली आणि रात्री किल्ल्यात पळाली; मागे राहिलेल्या ऐवजात सोन्याचा पलंगसुद्धा होता. मोगलांच्या चौकशीत एकूण लूट ६६ लाखांची ठरली. हा आकडा वाचताना मी दर वेळी थबकतो. सावकाराला नुकसान फुगवून सांगण्यात फायदा. शहर राखता न आलेल्या अंमलदाराला ते आटवून सांगण्यात. आपली वखार आपण कशी राखली, हे इंग्रज कंपनीला रंगवून लिहिणार. म्हणजे जबानी देणाऱ्या प्रत्येकाचा त्यात काहीतरी हितसंबंध. डिटेक्टिव्हला आणखी काय हवं? पण कादंबरीकार ६६ लाख खरे धरतो आणि कुदळ घेऊन निघतो.

जोसेफिन टेची 'द डॉटर ऑफ टाइम' (१९५१) म्हणूनच मला इतकी आवडते. पाय मोडून इस्पितळात पडलेला इन्स्पेक्टर ग्रँट खाटेवरूनच इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याची केस उघडतो. रिचर्डने पुतण्यांचा खून केला, हे सांगतो कोण? थॉमस मोर. आणि रिचर्ड मेला तेव्हा मोरचं वय? सात वर्षं. संपली साक्ष! टे बाईंनी रिचर्डला दिलेला निर्दोषत्वाचा दाखला अनेक इतिहासकारांना मान्य नाही, मलाही तो जरा घाईचा वाटतो. पण पुस्तक मिटल्यावर वाचक इतिहासाकडे पोलिसाच्या नजरेने बघू लागतो. एवढं एखाद्या मराठी रहस्यकादंबरीने केलं तरी मी तिला दहा भुयारं माफ करीन.

माल तर इथेच आहे, सेंधव्याच्या रस्त्यावर. तिथल्या घाटाची राखण इंग्रजांनी भिल्ल नायक खाज्या नाईकाकडे दिली होती. १८५७ च्या नोव्हेंबरात त्याच खाज्याने इंदूरहून मुंबईला निघालेला सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. पुढे एप्रिल १८५८ मध्ये इंग्रजांशी अंबापाणीची लढाई झाली. राखणदारच लुटारू ठरला, यापेक्षा चांगली सुरुवात रहस्यकथेला मिळायची नाही. मात्र फाइलमधली जवळजवळ सगळी साक्ष गोऱ्या अधिकाऱ्यांची. भिल्ल बाया, वाटाडे, गाडीवान, पहाऱ्यावरचे शिपाई यांना कोणी विचारलं नाही. विचारलं असेल ते बेड्या घालून, आणि उतरवून घेतलं साहेबाच्या सोयीने.

इतिहासकाराचे हात इथे बांधलेले असतात. कागद नसेल तर तो गप्प बसणार, बसायलाच हवं. कादंबरीकाराला मुभा आहे. त्याने गाडीवानाला बोलतं करावं. फक्त कागद कुठे संपला आणि आपण कुठून रचायला लागलो, हे शेवटी दोन पानांत प्रामाणिकपणे सांगावं. हे काम सातपुड्यातल्याच कुणी पोराने-पोरीने हाती घेतलं तर उत्तम. घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं आणि गॅझेटियरमध्ये छापलेलं, असे दोन्ही जबाब समोरासमोर ठेवून उलटतपासणी घ्यायला त्यांच्याइतकं सोयीचं दुसऱ्या कुणाला नाही. सात लाखांचं काय झालं, हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या प्रकरणापर्यंत मागे पडला तरी मी वाचक म्हणून कुरकुर करणार नाही.