काही न मागता पाहणे

मुंडक उपनिषदात एकाच झाडावर दोन पक्षी बसले आहेत. दोघे सखे. एक फळ खातो, दुसरा खात नाही, नुसता पाहतो. भाष्यकारांनी त्यांत जीव आणि ईश्वर पाहिले. पक्षिनिरीक्षणाचा छंद नुकताच लागलेल्या माणसापुढे यातूनच एक प्रश्न उभा राहतो: काहीही न मागता एखाद्या पक्ष्याकडे पाहता येते का?

आपल्याकडे पक्ष्यांकडे पाहण्याची परंपरा जुनी आहे, पण तिच्यात बहुधा मागणे दडलेले असते. दहाव्याला घाटावर सगळे कुटुंब कावळ्याची वाट पाहते. तो पिंडाला शिवला की गेलेल्याची इच्छा पुरी झाली, असे मानतात. ती व्याकुळता खरीच. पण त्या घडीला कावळ्याची मान, चोच, सावध चाल कोणाच्या नजरेत भरत नाही. दसऱ्याला नीलपंखाचे दर्शन शुभ मानतात. तेलंगणात त्यापायी पक्षी पकडून लोकांना दाखवले गेले आहेत, कायद्याने बंदी असताना आणि तो तिथला राज्यपक्षी असताना. दर्शनाची ओढ अशी पक्ष्याच्याच जिवावर उठते.

शास्त्रीय नजरही निष्पाप जन्मली नाही. १९०८ साली मुंबईतल्या एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तिथले सचिव मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे ओळखले आणि संग्रहातले पक्षी मुलाला दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. पुढेही अभ्यासासाठी त्यांनी पक्षी मारले आणि ते कधी लपवले नाही.

त्यांचे खरे मोठेपण मात्र किहीमला दिसते. १९३० साली हातात नोकरी नसताना ते अलिबागजवळच्या या गावी राहिले. जवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्यात ती न्याहाळताना त्यांच्या लक्षात आले, की नर अर्धेच घरटे विणून थांबतो. माद्या येऊन ते तपासतात. एखादीने पसंत केले की नर ते पुरे करतो आणि ती अंड्यांवर बसली की दुसरीसाठी नवे विणायला घेतो. बहिणाबाईंच्या कवितेत खोप्याचे श्रेय मादीला आहे. विणकर असतो नर. परंपरेने कौतुकाने पाहिलेली गोष्टही पुन्हा नीट पाहावी लागते, ती अशी.

नवशिक्याने सुरुवात इथूनच करावी. दुर्मीळ पक्ष्यामागे धावण्यापेक्षा घराजवळचे एक झाड धरावे आणि सकाळी तिथे जावे. बुलबुल, दयाळ, तांबट, शिंजीर यांच्याशी आधी ओळख होऊ द्यावी. आठपट मोठे दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगांची दुर्बीण पुरते. पहिले काही आठवडे तीही नसली तरी चालते. रंगाआधी आकार, चोच, शेपटी आणि चाल पाहावी. तळ्याकाठी मातकट दिसणारी ढोकरी उडाली की पांढरेशुभ्र पंख उघडते. रंगावर विसंबणारा तिथेच फसतो.

मग यादीचा मोह येतो. नावे हवीतच, नावाशिवाय ओळख पक्की होत नाही. पण आकडा वाढवण्यासाठी मोबाइलवर नराचा आवाज वाजवून दुसऱ्या नराला बाहेर काढणे, हे पाहणे नव्हे. हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला असे समजून तो विणीच्या ऐन दिवसांत चारा शोधायचे सोडून भांडायला येतो. आपण फळ खात नाही, असे म्हणता म्हणता घास घेतला जातो तो असा.

साक्षीभाव म्हणजे अलिप्तपणा, असा समजही तपासायला हवा. उपनिषदातला दुसरा पक्षी खात नसेल, पण बसला आहे त्याच झाडावर. पाहणारा पाहिलेल्या जगाबाहेरचा नसतो. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पक्षिशास्त्रज्ञ विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात गिधाडे मोजली होती. तेव्हा ती इतकी होती, की संपतील अशी शंका येण्याचे कारणच नव्हते. १९९०च्या दशकात पुन्हा मोजणी झाली, तेव्हा ऱ्हास आकड्यांत उघड झाला. कारण सापडले २००४ साली: गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या मूत्रपिंडांवर घाला घालत होते. २००६ साली भारताने गुरांसाठीच्या या औषधावर बंदी घातली. मुंबईच्या मलबार हिलवरच्या पारशी दख्म्यांत, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी ठेवण्याच्या मनोऱ्यांत, तोवर गिधाडे येईनाशी झाली होती आणि एका समाजाला आपल्या अंत्यविधीचाच नव्याने विचार करावा लागला.